वारा पडला त्या दिवशी

मेस्कीट बेंडमध्ये ‘वारा सुटला’ असं कुणी म्हणत नाही. सुटायला तो आधी कुणी बांधून ठेवलेला असावा लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे संपेपर्यंत रोज सकाळी अकराच्या सुमारास तो नैर्ऋत्येकडून येतो, दिवसभर धूळ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि नवख्यांच्या टोप्या उडवतो आणि दिवेलागणीला गप्प होतो. तेवढ्या वेळात माणसं बोलत नाहीत, ओरडतात. ओरडून भागलं नाही तर हातवारे करतात, आणि त्यानेही भागलं नाही तर ‘राहू दे, संध्याकाळी सांगते’ अशी मान हलवून आपापल्या गाडीत शिरतात.

न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, हायवेपासून मैलभर आत, छप्पन्न जागांचा हा पार्क आहे. लोक आपली चाकांवरची घरं, म्हणजे आरव्ही आणि ट्रेलर, घेऊन येतात, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडतात आणि दोन दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत राहतात. थंडीत उत्तरेकडचे म्हातारे येतात, मार्चमध्ये शाळांना सुट्टी लागली की पोराबाळांची कुटुंबं. या सगळ्यांना जागच्या जागी बसवण्याचं काम ओपल हचिन्सचं.

ओपल अडुसष्ट वर्षांची, अंगाने काटक, नाडीने हनुवटीखाली बांधलेली टोपी आणि नारिंगी जाकीट हा तिचा बारमाही वेश. आधी तिने ओक्लाहोमात बावीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा ड्वेन गेल्यावर ती ट्रेलर घेऊन निघाली, नऊ वर्षांपूर्वी इथे दोन आठवड्यांसाठी आली आणि राहिलीच. तेव्हाचे मालक क्रिस्पिन करास्को यांनी तिला फाटकाजवळची एक नंबरची जागा दिली. काम करशील तोवर जागा तुझी, असं तोंडी ठरलं. पुढे क्रिस्पिन वारले, त्यांची लेक इसेला मालकीण झाली, तरी ठराव तोच राहिला.

पस्तीस फुटी ट्रेलर उलटा मागे घेऊन अरुंद जागेत बसवणं हे काम नवरा-बायकोने मिळून करू नये, असं ओपलचं ठाम मत होतं. तीस-तीस वर्षांचे संसार तिने तेवढ्या जागेत डगमगताना पाहिले होते. म्हणून ती बायकोला आधी ‘इसेलाकडे कॉफी तयार आहे’ म्हणून ऑफिसात पिटाळायची. मग नवऱ्याच्या आरशात दिसेल अशी मागच्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि दोन हातांच्या खुणांनी गाडी अशी आत घ्यायची, जशी दावं धरून गाय गोठ्यात आणावी. गाडीचं नाक वाऱ्याकडे, चाकांखाली पाचर, आणि दुपारी बाराच्या आत बाहेरची कापडी छपरी गुंडाळलेली. हे तिचे तीन नियम. तिसरा कुणी पाळत नसे, म्हणून तिने ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं: ‘बारानंतर उघडी दिसलेली छपरी टेक्सासात सापडेल. जाऊन घेऊन या.’ दरवर्षी दोन-तीन शहाणे ते वाचून हसत आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या टपावरून आपली छपरी सोडवत बसत.

हे सगळं ओपल करत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं.

बसचं इंजिन बावीस वर्षं गुडघ्याशी गुरगुरत होतं, त्यात मागे साठ पोरं. कान हळूहळू गेले. तीन वर्षांपूर्वी तिने लांबच्या शहरात जाऊन तपासून घेतलं. डावा कान संपलाय, उजवा पावभर उरलाय, असं डॉक्टरने कागदावर लिहून दाखवलं. कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून ती पार्कात उतरली, तर कानाशी कुणी ताडपत्री फडफडवावी तसा वाऱ्याचा आवाज, आणि त्याखाली माणसाचा शब्द एकही नाही. तिने यंत्र चमच्यांच्या खणात टाकलं आणि तोंड मिटून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला हा मुलूखही सोयीचा. दुसऱ्या कुठल्या गावात आठ दिवसांत पितळ उघडं पडलं असतं. इथे ‘काय?’ असं सगळेच विचारतात. ओपल माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायची, ओठ वाचायची, नाही जमलं तर ‘मेला हा वारा’ असं म्हणून हसून मान डोलवायची. मागच्या वर्षी विमावाल्यांच्या सांगण्यावरून इसेलाने तिच्या कमरेला बोलायचा वायरलेस लावला. ओपलने तो बंदच ठेवला. विचारलं तर म्हणायची, “या वाऱ्यात तो काय ऐकू येणार, कपाळ?” यावर कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, कारण इसेलाच्या स्वतःच्या वायरलेसवरही वाराच ऐकू यायचा.

दोन नंबरच्या जागेत मायलो व्हॅन्डरस्लूट राहायचा. एकोणऐंशी वर्षांचा, आयोवाचा, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला विधुर, नोव्हेंबरात येऊन एप्रिलात जाणारा. त्याला झुपकेदार मिशी होती आणि तिच्यामागे ओठ पार झाकलेले. सहा महिने ओपलला त्याचं एक अक्षर कळलं नाही. शेवटी ती त्याला म्हणाली, “मायलो, नाकाखाली मेलेली खार घेऊन हिंडतोस, ती काढ की.” दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत तोंडाने, स्वच्छ शर्ट घालून दारात उभा. बाईच्या मनात काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. होतंच, पण ते निराळं होतं. तेव्हापासून दोघांची रोज संध्याकाळी पत्त्यांची बैठक आणि एकमेकांची उणीदुणी.

ओपलला भीती एकाच गोष्टीची. ऐकू येत नाही हे कळलं की काम जाणार, काम गेलं की एक नंबर जाणार. मग तुल्सात लेकीच्या, लॉरीनच्या, घरी तळघरातली खोली. लॉरीन वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. दर रविवारी ‘आई, खोली रंगवून ठेवलीय’ असा फोटो पाठवायची. त्या खोलीची खिडकी शेजाऱ्याच्या गॅरेजकडे उघडत होती. ओपल तो फोटो पाही आणि फोन उपडा ठेवी.

तो मार्चमधला शनिवार. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, वारा आलाच नाही. फाटकावरचं निशाण ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं. थंडीपासून मुक्काम ठोकून असलेले म्हातारे चुळबुळले. त्यांना झोपेतून कुणी दचकवून उठवल्यासारखं झालं. नव्या कुटुंबांना मात्र आनंद. बारा वाजून गेले तरी छपऱ्या उघड्याच, आणि ओपलनेही कधी नव्हे तो कानाडोळा केला.

दुपारी कोलोरॅडोचं एक कुटुंब आलं. आई कोरीन, तिचा नवरा आणि चार वर्षांची पायपर. ओपलने ठरल्याप्रमाणे कोरीनला मुलीसकट कॉफीला पाठवलं आणि तिच्या नवऱ्याचा ट्रेलर एकवीस नंबरात घ्यायला लागली. पाठीमागचं ऐकू येत नाही म्हणून तिने स्वतःला एक सवय लावून घेतली होती: ट्रेलर मागे येईल तसं तीन पावलं मागे, मग मान वळवून बघायचं. पुन्हा तीन पावलं, पुन्हा मान. त्या दिवशी मान वळवली तर हातभर अंतरावर पायपर उभी. तिची बाहुली काखेत, आणि तोंड चालू. कितीतरी वेळ ती ओपलशी काहीतरी बोलत असावी. आईच्या हातून सुटून ती कधी आली, कोण जाणे.

ओपलने दोन्ही हात वर केले. ट्रेलर थांबला. झालं काहीच नाही. ऑफिसातून धावत आलेल्या कोरीनला एवढंच दिसलं, की नारिंगी जाकिटातली बाई तिच्या मुलीला कडेवर घेऊन बाजूला नेतेय. ती म्हणाली, “तुमचे फार फार आभार, तुमचं लक्ष होतं म्हणून बरं.” हे ओपलने ओठांवरून नीट वाचलं. तिने मान हलवली आणि ट्रेलर जागेवर बसवला. मग ती आपल्या गाडीत गेली आणि जाकीट न काढताच पलंगावर बसून राहिली.

शनिवारी संध्याकाळी पार्कात पंगत असते. प्रत्येक गाडीतून एकेक पदार्थ येतो आणि लांब टेबलांवर मांडला जातो. एरवी सगळ्या भांड्यांना झाकणं आणि झाकणांवर दगड. त्या दिवशी झाकणंही नव्हती. इसेलाचा हिरव्या मिरचीचा आणि डुकराच्या मांसाचा रस्सा, राजमा, मक्याचा पाव, आणि मायलोचं बटाट्याचं सॅलड, जे सगळे थोडंसं वाढून घेत आणि कुणीच संपवत नसे. ऊन कलतं झालं होतं. चाळीस-पन्नास माणसं बाकांवर बसली होती आणि सगळी हलक्या आवाजात बोलत होती. इतक्या शांततेत मोठ्याने बोलायला माणसाला आपसूकच संकोच वाटतो.

ओपलला ते हलके आवाज ऐकू येत नव्हते. तिला नेहमीप्रमाणे हलणारे ओठ दिसत होते.

तिच्यासमोर बसलेला मायलो म्हणाला, “काय गं, आज तोंड का उतरलंय? माझं सॅलड न खाता?”

“मायलो, तुला एक सांगायचंय.”

“सांग की. लग्नाचं असेल तर एप्रिलच्या आत सांग, मला गावी जायचंय.”

ओपल हसली नाही. ती टेबलावर पुढे झुकली, तोंडाशी हात आडवा धरला आणि दुपारपासून जे तिला जाळत होतं ते तिने मायलोच्या कानात कुजबुजून सांगितलं. म्हणजे, तिला वाटलं कुजबुजून.

“दुपारी ती कोलोरॅडोची पोर माझ्यामागे उभी होती. माझ्याशी बोलत होती आणि मला पत्ता नाही. मला ऐकूच येत नाही, मायलो. तीन वर्षं झाली. कुणाला सांगू नकोस, इसेला मला काढून टाकील.”

तीन वर्षं वाऱ्याशी झगडलेला तो आवाज. आपला आवाज केवढा आहे हे कळायलाही कान लागतो, आणि तिची कुजबुज कधीच कुजबुज उरली नव्हती. तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि धुलाईखोलीच्या भिंतीला लागून परत आला. कानात सांगितलेल्या गुपिताची अशी दवंडी मेस्कीट बेंडने आधी कधी ऐकली नव्हती. चमचे थांबले. एक म्हातारा घास तोंडात धरून तसाच राहिला.

ओपलने मायलोकडे पाहिलं. मायलो तिच्याकडे बघतच होता. त्याने ओठ नीट हलवून सांगितलं, “ओपल, तू कुजबुजली नाहीस.”

तेव्हा तिने मान वळवली. सगळे चेहरे तिच्याकडे होते. कुणी हसत नव्हतं, आणि हसले असते तर तिला सोपं गेलं असतं. पलीकडच्या बाकावर कोरीन बसली होती. तिने शेजारी पाव कुरतडत बसलेल्या पायपरला उचललं, मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांचा विळखा घातला. इसेला रश्शाच्या भांड्यापाशी डाव धरून उभी होती. तिने डाव खाली ठेवला आणि ती ऑफिसकडे चालू लागली.

ओपलला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण जमीन असं कुणाला घेत नाही, आणि बाई बस चालवलेली. ती उठली आणि आधी कोरीनपाशी गेली.

“दुपारी तुम्ही माझे आभार मानलेत,” ती म्हणाली. “ते परत घ्या. माझं लक्ष नव्हतं. माझं नशीब होतं.”

कोरीन तिच्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही गाडी थांबवलीत.”

“थांबवली. आणखी दोन पावलांनी थांबवली असती तर?”

 कोरीनने मुलीचे केस सारखे केले. ओपलला उत्तर नको होतं. बावीस वर्षं ज्या आयांनी सकाळी पोरं तिच्या स्वाधीन केली, त्यांच्यापैकी कुणीही आपलं पोर असंच घट्ट धरलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

ऑफिसात इसेला काउंटरच्या मागे उभी होती. चाळिशीची, बापासारखीच बुटकी आणि बापासारखीच मऊ, फक्त ते कुणाला कळू न देणारी. नको असलेले कागद ती उगीच लावत होती. ओपलने नारिंगी जाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

इसेलाने मान वर केली. “हे कशाला, मिस ओपल? मी काही ऐकलं नाही.”

“ऐकू न येणारी या पार्कात एक पुरे. तू दुसरी होऊ नकोस.”

“तीन वर्षांत एका गाडीला साधा ओरखडा नाही गेलेला. तुमच्याइतकं कुणालाच जमत नाही. आपण काहीतरी करू. मी मागे उभी राहीन, नाहीतर आरसा बसवू.”

“इसेला, ऐक. बसमधून पोरं उतरली की मी दार लावून आधी कान द्यायची. बसच्या पुढ्यात बुटाची नाडी बांधायला वाकलेलं पोर दिसत नाही. त्याच्या पायाखाली खडी वाजते, ती ऐकू येते. बावीस वर्षांत मी कान दिल्याशिवाय बस हलवली नाही. आणि इथे तीन वर्षं मी कान नसताना गाड्या हलवतेय. का, तर मला तळघरात जायचं नाही म्हणून.” तिने जाकीट इसेलाकडे सरकवलं. “लाज वाटते मला. उद्यापासून गाड्या तू लाव. तुला येत नाही, पण तुला ऐकू येतं.”

इसेलाचे डोळे भरले. तिने जाकिटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मग ओपलने तो प्रश्न विचारला. आयुष्यभर ती सांगत आली होती, विचारत नव्हती. “एक नंबरची जागा काम करीन तोवर माझी, असं तुझ्या बापाशी ठरलं होतं. ते काम मी आता सोडलं. म्हणून विचारते. मी राहू का?”

आणि नेमका त्याच क्षणी वारा आला. दिवसभर कुठे दडी मारून बसला होता कुणास ठाऊक, तो एकदम आला. जाळीचं दार भिंतीवर आपटलं, काउंटरवरचे कागद उडाले, बाहेर एकामागून एक छपऱ्या ताणल्या आणि पंगतीतली माणसं रस्सा सोडून आपापल्या गाडीकडे पळाली. इसेला दाराकडे धावली. पाठ करून, दोन्ही हातांनी दार ओढत, खांद्यावरून ती काहीतरी म्हणाली. एक लांब वाक्य. ओपलला तिचा गाल हलताना दिसला, बाकी काही नाही.

तीन वर्षांची सवय जिभेवर आली होती. हसायचं, मान डोलवायची, निघून जायचं आणि सकाळी आपल्या जागेवर विजेची तार जोडलेली आहे की काढलेली, त्यावरून उत्तर ओळखायचं. ओपल दारापर्यंत गेलीही. मग तिने इसेलाच्या दंडाला हात लावला.

“मला ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांग.”

इसेलाने दाराला कडी घातली. ती वळली, तोंडावर आलेले केस मागे सारले आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. “राहा, म्हटलं. आणि उद्या सकाळी सात वाजता रविवारच्या न्याहारीचे पॅनकेक भाजायला तव्यापाशी या. तिथे पोरं समोर उभी असतात, मागे नाही.”

ओपलने मान हलवली, आणि या वेळी तिला कळलं होतं.